सोयाच्या गोळ्या पाठवत नाही

धाकटे, तुला भरभरून आशीर्वाद.

लेकीच्या बाळाला बघायला सगळ्यात आधी कोण आलं असेल? तिच्या कारखान्याच्या शिवणखात्यातली मुकादमीण! मागोमाग शेजारची नर्सबाई. दोघी तुझ्याच वयाच्या, पाळी नुकतीच गेलेल्या. बसल्या न बसल्या तोच म्हणाल्या, “आजी, खिडकी उघडा, अंगाची आग होतेय!” बाहेर ही थंडी! जावईबापूंनी बाळाला गुंडाळलं अन् स्वतःही दुलईत शिरले. मी हसून हसून बेजार.

मी माझ्या वेळी पदराने वारा घेत गप्प बसले. या कशा मोकळ्या बोलतात गं!

मुकादमीण या आगीवर सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या घेते. “थोडा फरक पडला, पण दोन महिने लागले,” म्हणाली. मी म्हटलं, “एक बाटली माझ्या बहिणीसाठी आणा.”

नर्सबाईने विचारलं, “त्यांना काही दुखणं?” तुझ्या छातीतली गाठ काढल्याचं मी सांगितलं.

“मग त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही नको. सोया अंगात बायकांच्या हार्मोनसारखं काम करतं.”

म्हणून बाटली पाठवत नाही, रुसू नकोस. तपासणीला गेलीस ना? नुसतं ‘बरी आहे’ लिहितेस, त्यानं माझं समाधान होत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव. नर्सबाईंनाही ऐकायचंय. दोघी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी परत येणार आहेत, त्याआधी तुझं पत्र पोचू दे.

तुझी वाट बघणारी,
ताई