यानाच्या दाराशी बूट

तानेगाशिमा, ३ ऑक्टोबर

तेत्सुरो यांस,

सप्रेम नमस्कार. ('सप्रेम' सवयीनं लिहिलं गेलं. राहू दे आता.)

इकडे सगळं ठीक. रताळी काढून झाली. तुमच्या आईंचा गुडघा बरा आहे. काल इथल्या प्रक्षेपण तळावरून रॉकेट उडायचं होतं, ते वाऱ्यामुळे पुढे ढकललं. तुमच्या खोलीतला पंखा धुऊन ठेवलाय.

झाली खुशाली. फोनवर काही बोलायला गेलं की तुमची मीटिंग सुरू होते, म्हणून हे पत्र.

कोनात्सुच्या यानाच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं म्हणून तुम्ही तिकडे नागोयाच्या ऑफिसात मिठाई वाटलीत म्हणे. कुठल्या तोंडानं? स्पर्धा प्राथमिक शाळेच्या पोरांची होती. पितरांच्या सणाला घरी आलात, पोर आजीबरोबर कबरीवर फुलं वाहायला गेली, आणि तेवढ्यात तुम्ही नवा कागद घेऊन, पट्टी लावून अख्खं यान पुन्हा काढलंत. ती परत आल्यावर म्हणालात, "थोडं नीट केलंय गं, तू फक्त रंग भर." तिनं मुकाट्यानं भरले. बोटीवर जाताना स्पर्धेचं पाकीटही तुम्हीच टपालात टाकलंत. मी भांडी घासत होते, मला वाटलं बापलेकीचं कौतुक चाललंय!

आता रविवारी बक्षीस समारंभ आहे. मुलांनी मंचावर उभं राहून आपापलं यान समजावून सांगायचं. तिच्या वर्गाच्या हिदाका बाई फोनवर म्हणाल्या, "परीक्षक थक्क झालेत हो, चौथीतल्या मुलीच्या इतक्या सरळ रेषा!" माझे कान तापले. कोनात्सु जेवत नाही. म्हणते, "ते बाबांचं यान आहे. बाबांनीच सांगावं."

तिचं मूळ चित्र तिनं केराच्या डब्यात टाकलं होतं. मी काढून, इस्त्री फिरवून सोबत पाठवतेय. दाराजवळ बघा. तिनं बूट काढायला जागा ठेवली होती. तुम्ही हसलात, "अंतराळात कुठला आलाय चिखल? उगाच वजन!" अहो, चंद्रावरची धूळ घरात यायला नको, एवढा साधा विचार होता तिचा. आणि तिथले चार जोड बघून तुम्ही काय म्हणालात? "हा एक उलटा काढलास. चौथीत गेलीस तरी रीत कळत नाही?"

रीत तिला तुम्हीच शिकवलीत. बूट काढले की टोकं दाराकडे करून ठेवायचे, निघताना पाय घातला की झालं. तीन जोड तिनं तसेच काढलेत. चौथ्याची टोकं घराकडे आहेत. काल मी विचारलं, हे कुणाचे?

"बाबांचे. दाराकडे तोंड करून ठेवले की ते जातात."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मग राग आला, तो अजून उतरला नाही.

हे लिहिणार नव्हते, पण लिहितेच. वसंतात कंपनीकडूनच तुम्हाला इकडे परत यायची विचारणा झाली होती. "आणखी दोन वर्षं इथंच राहतो," असं तुम्हीच सांगितलंत. तुमच्या सहकाऱ्याची बायको बोलून गेली, तिला वाटलं, मला ठाऊक असेल. मीही ठाऊक असल्यासारखी हसले. आम्हाला मात्र दर महिन्याला "कंपनी सोडत नाही" ऐकवत होतात! पोरीला कुणी काही सांगितलेलं नाही. तरी तिनं तुमचे बूट फिरवून ठेवले, आणि तुम्ही ते चूक म्हणून गाळलेत.

हिदाका बाईंना मी सगळं सांगितलंय. बक्षीस परत जाईल. पण मंचावर जाऊन "रेषा बाबांच्या आहेत" हे पोरगी सांगणार नाही, मीही नाही. ते तुम्ही सांगायचं, सगळ्या पोरांसमोर, तिचं हे चित्र हातात धरून. शनिवारच्या बोटीनं या.

घरी आलात, तर बूट जसे काढाल तसेच राहू द्या. दाराकडे फिरवायचे असतील, तर काढूच नका.

मिसाओ