कानबाईसाठी आणलेल्या गोळ्या

२५ जुलै २०२५, शुक्रवार

नाही, मी कोणाला विचारलं नाही. कशाला विचारायचं? कानबाई, आमच्या खान्देशची देवी, तिचा सण जवळ आला की आमच्याकडच्या बाया दर श्रावणात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. मेडिकलवर झुलाल बसतो. त्याला नुसतं "कानबाईच्या" म्हटलं की तो पाकीट हातात देतो. एवढ्यासाठी डॉक्टरच्या बाकड्यावर कोण बसेल!

यंदा पूजेच्या पाटाचा मान आमचा आहे. आमच्या भावकीत नवं जोडपं कानबाईसमोर बसतं. माझ्या पोराचं, योगेंद्रचं, आणि सून हेमांगीचं गेल्या साली सुतकात राहून गेलं. यंदा हुकलं तर पाट कमलबाईकडे जाणार. कमलबाई म्हणजे माझी जाऊ. तिच्या धाकट्याचं वैशाखात लग्न झालंय, ती टपलेलीच आहे. आणि नातवंड मागायचं तर जोडप्याने पाटावर बसूनच मागायचं. लग्नाला दोन वर्षं झाली. मी बोलत नाही, पण डोळे फुटलेले नाहीत माझे.

हेमांगीला तारीख विचारली. नेमकी कानबाईतच. गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तोंड उघडलं तिने, काहीतरी बोलणार होती. मग "बरं आई" म्हणाली. माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली. झालं.

२७ जुलै, रविवार

रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू काढले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. हेमांगीला मळमळतंय. क्षणभर मला वेगळंच वाटलं — आनंदच झाला. पण म्हटलं बाई, गोळ्या चालू आहेत, तसं कसं असेल. लिंबू दिलं चोखायला.

२९ जुलै, नागपंचमी

हेमांगीची डावी पोटरी दुखते म्हणे. दिवसभर ऑफिसात खुर्चीत पाय लोंबकळत ठेवल्यावर दुसरं काय होणार? तेल कोमट करून चोळून दिली, चांगला जोर लावून. ती कळवळली. मी म्हटलं, आमच्या वेळी डोक्यावर दोन हंडे घेऊन चाललो, कोणी पोटरी धरून बसलं नाही. सुजली मात्र होती. हाताला गरम लागली. मुरगळली असेल.

३० जुलै, बुधवार

काय लिहू? अजून धड कळलेलं नाही मला.

सकाळी पाय दीडपट. रंग पण बदललेला. योगेंद्रने नरडाण्याची ड्युटी सोडली, गाडी काढली आणि हेमांगीला दवाखान्यात नेलं. मी मागच्या सीटवर बडबडत होते की एवढं काय, पट्टी बांधली असती. तिथे डॉक्टरबाईने पाय पाहिला आणि तिचा चेहराच बदलला. सोनोग्राफी केली — पायाची! पायाची पण करतात हे मला माहीत नव्हतं. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी.

बाईने विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मीच उत्तर दिलं — कानबाईच्या, बाकी काही नाही.

हेमांगी म्हणाली, "आहेत."

योगेंद्र खाली बघायला लागला.

"रोज एक. मूल नको म्हणून. चार महिने झाले."

मी कानबाईकडे नातू मागायला हिला पाटावर बसवते आणि ही घरात बसून मूल होऊ नये म्हणून गोळ्या खाते! आणि आणून देतो कोण — माझाच पोरगा! नरडाण्याच्या मेडिकलवरून, स्वतःच.

डॉक्टरबाईला त्याचं काहीच नाही. तिचं दुसरंच. "दोन्ही एकदम घेतल्या?" मग म्हणाली, "चोळलं का कोणी?"

मी म्हटलं, मी. तेलाने.

"आता हात लावायचा नाही. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर ही तुमच्याशी बोलली नसती."

एवढंच बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ जुलै, गुरुवार

दवाखान्यातच आहोत. रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटात देतात. दम लागतो का, छातीत दुखतं का, सारखं विचारतात. हेमांगी नाही म्हणते. मधूनमधून मीही विचारते.

काल हिच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. आज ठरवलेलं राहिलं नाही. डॉक्टरबाईला बाजूला घेऊन म्हटलं, बाई, अर्धा धुळे जिल्हा गोळ्या खातो, बाया मरतात का? तर म्हणाली, बसा. बसले.

ती सांगत होती ते माझ्या भाषेत लिहिते. रोजच्या गोळीत दोन हार्मोन. त्यामुळे शरीराला वाटतं बी सोडायची गरज नाही, मग ते सोडतच नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी घट्ट होतं, वाट बंद. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. एक राहिली तर आठवताच घ्यायची, जास्त राहिल्या तर विचारायचं, आणि तोवर दुसरा बंदोबस्त करायचा. बंद केली की मूल होतं, वांझ कोणी होत नाही. हे मी दोनदा विचारून घेतलं. आणि कानबाईची गोळी? ती नुसती पाळी अडवते, मूल नाही. पण तीही त्याच घरातली, आणि डोस भारी. हिला रोजच्या गोळीने धोका होताच, त्यावर मी भर घातली.

मी म्हटलं, म्हणजे गोळी विष आहे.

"नाही हो. लाखो बायकांना काही होत नाही. पण आधी बाई बघायची, मग गोळी द्यायची."

दाब मोजायचा. डोकं दुखताना डोळ्यांपुढे चमकतं का ते विचारायचं. पस्तिशीपुढे बिडी-सिगारेट ओढणारी असेल, नुकती बाळंतीण असेल, तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे घरात कोणाला गुठळी झाली होती का.

दुपारी नशिराबादहून हेमांगीची आई आली, इंदिराबाई. पोरीचा पाय बघून खालीच बसली. म्हणाली, हेमांगीच्या वेळी बाळंतपणात माझाही पाय असाच झाला होता, जळगावला ठेवलं होतं मला. डॉक्टरबाई म्हणाली, हे आधी कोणीच विचारलं नाही? योगेंद्रने विचारलं नव्हतं. झुलालने नाही. मी नाही. हेमांगीला स्वतःलाच माहीत नव्हतं! असल्या गोष्टी आम्ही पोरींना सांगतो कुठे?

संध्याकाळी दोघीच होतो. म्हटलं, त्या दिवशी गोळ्या हातावर ठेवल्या तेव्हाच का नाही बोललीस?

म्हणाली, "सांगितलं असतं तर पाटावर बसवलं असतंत मला?"

मी संत्रं सोलून दिलं.

योगेंद्र बाहेर भेटला. म्हणाला, अजून दोन वर्षं नको असं आमचं दोघांचं ठरलंय, तिला एकटीला बोलू नकोस. आता ती गोळी हिला कधीच चालणार नाही, तांबी नाहीतर दुसरं काही बघतील. मी म्हटलं, बघा काय ते. माझ्या तोंडून हे निघालं! मीच दचकले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

घरी अंघोळीला आले. जाता जाता झुलालकडे गेले. तो म्हणतो, अक्का, तुम्ही मागितल्या, मी दिल्या. खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

कमलबाईकडे गेले. तिची सूनही कानबाईच्याच गोळ्या खाते. बजावलं, आधी डॉक्टरला दाखव, दाब मोज, माहेरी कोणाला काही झालंय का विचार. तर म्हणते कशी, "तुमनी सुनना पाट गया, आते मनी सुनना बी घालावाना शे का?" म्हटलं, पाट घे तुझ्या सुनेला, पण पोरीला दाखव. तिने दार लावून घेतलं. तासाभराने रिक्षात दोघी दिसल्या, दवाखान्याच्या बाजूला जाताना. मी हाक मारली नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

सोडलं. पायात घट्ट मोजा, रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने तरी. मांडी घालून बसायचं नाही. थोडं थोडं चालायचं.

दोन्ही जातीच्या गोळ्या बंद झाल्यावर व्हायचं तेच झालं. स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, आली मला. पाट काकूंकडे देऊन टाका." डॉक्टरबाईने सांगितलंच होतं, या औषधात जास्त जाईल, फारच गेलं तर लगेच घेऊन या. मी विचारलं, फार आहे का? नाही म्हणाली. दुसरं काही विचारलं नाही मी.

कानबाईचा नारळ मखरात ठेवला आणि पाटाचा निरोप कमलबाईकडे धाडला नाही.

३ ऑगस्ट, रविवार, कानबाई

हेमांगीच बसली. पाटावर नाही, खुर्चीवर. योगेंद्र शेजारी पाटावर.

भावकीत नुसती कुजबुज. देवीसमोर खुर्ची! कमलबाई तर उघडच म्हणाली, "खुर्चीवर काबर बठनी व ती?" पायाचं सांगितलं. सगळ्या खुर्चीबद्दलच बोलत राहिल्या, आरती होईपर्यंत. दुसरं कोणी काही विचारलं नाही. हेमांगीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कापूर पुढे केला.

तिने काय मागितलं, मला माहीत नाही. मी काय केलं, ते मला माहीत आहे. कोणी विचारलं तरी सांगणार नाही. इथेही नाही.