कालिंदीशी अबोला

सोमवार, १८ एप्रिल १९६०
आजपासून रोज लिहायचं. तिसरीपर्यंत शिकले, ते वाया कशाला घालवू. घरात माझं ऐकायला कोणाला टाइम नाही. ह्यांना संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मीटिंगा, मुलगा रघु मिलमध्ये. सून लतिका ऐकते, पण ऐकता ऐकता उठून समोरच्या खोलीत कालिंदीकडे जाते.

लतिकाला सातवा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिला आई नाही. गिरगावातले मामा-मामी न्यायला आले होते, तर ही म्हणाली, मी इथंच बाळंत होणार. मामी माझ्याकडे बघतच राहिली. बघणारच. सासूपाशी बाळंत होते म्हणणारी सून अख्ख्या लालबागात दुसरी दाखवा. मला आईच मानते. तोंडाने बोलत नाही, स्वभाव मुका.

निश्चय: नातवंड माझ्या हातात जन्मणार. पहिली आंघोळ मी घालणार. दुसऱ्या कोणी मध्ये हात घालायचा नाही.

मंगळवार, १९ एप्रिल
जेवण आटोपलं की लतिका कालिंदीकडे. चहाला परत. एवढा वेळ करतात काय? विचारलं. म्हणाली, बाळाची गोधडी शिवतोय आई. म्हटलं, गोधडी काय तिच्याच खोलीत शिवली जाते? उद्यापासून इथं शिव. गप्प बसली. पटलं तिला.

कालिंदीला मूल नाही, नवराही गेला. दया येते म्हणून पोर जात असेल. मनाची मऊ आहे.

बुधवार, २० एप्रिल
माझी जुनी लुगडी काढून दोघी गोधडीला बसलो. ही मुंगीच्या पावलांएवढे टाके घालते. कालिंदीने लावलेली खोड. एक ओळ संपायला दुपार जायची. मी माझ्या बाजूने चार चार बोटांचे टाके टाकून चहाच्या आत मोकळी. लतिका म्हणाली, आई, ह्यात बाळाचं बोट अडकेल. म्हटलं, रघुचं कधी अडकलं नाही. तेवढ्यात रघु आला. म्हणाला, अडकलं होतं, आजी सांगायची, तू कात्रीने गोधडी कापून सोडवलंस. सासू जाऊन दहा वर्षं झाली तरी चुगल्या चालूच आहेत.

लतिकाने संध्याकाळी माझे टाके उसवले. दोरा चांगला नव्हता म्हणून असेल.

निश्चय: उद्यापासून सगळ्यांशी गोड बोलायचं.

शुक्रवार, २२ एप्रिल
गोड बोलले. काल सकाळी. मग नळावर राधाबाईने नंबर मोडला.

आज कालिंदीने वाटीभर लाट्या पाठवल्या. उडदाच्या पापडाच्या पिठाच्या गोळ्या, वर कच्चं तेल. लतिकाला डोहाळेच त्याचे. डोळे मिटून खात होती. माझ्या हातचं तिने डोळे मिटून खाल्लेलं मला आठवत नाही. ह्यांनीही एक उचलली आणि म्हणाले, वा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला एकदाच वा म्हणालेत, तेही कोलंबी स्वस्तात आणली म्हणून.

मीही खाऊन बघितली. हिंग जास्त. खात्री करायला दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. मग वाटी संपली, नाहीतर मिऱ्याचंही सांगितलं असतं.

रविवार, २४ एप्रिल
ठरवलं. पापड घालायचे, आणि कालिंदीच्या आधी. आमच्या चाळीत पापडाला प्रत्येकीचा एक दिवस असतो. बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन लाटायला येतात. माझा दिवस एक मे. रविवार आहे, मिलला सुट्टी, सगळ्या मोकळ्या. लतिका बघेल मला किती माणसं मानतात.

सोमवार, २५ एप्रिल
कालिंदीशी भांडण झालं. मी गच्चीवर तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. वर तिची दोरी. तिच्या ओल्या लुगड्याचं पाणी फेण्यांवर टपकलं. ती म्हणाली, अगो जाईबाई, दोरीवर लुगडं आधीपासून होतं, तू फेण्या खाली मागून घातल्यास. म्हटलं, दोरी तुझी असेल, जमीन सगळ्यांची आहे. तिने तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, आजपासून अबोला.

अबोल्याचं एक बरं असतं. तो घरादाराचा असतो. मी बोलत नाही म्हणजे सुनेनेही बोलायचं नाही, जायचं नाही, वाटी घ्यायची नाही. लतिकाने विचारलं, किती दिवस? म्हटलं, ती माफी मागेपर्यंत.

संध्याकाळी कालिंदी दारात आली. म्हणाली, चुकलं असेल तर पोटात घाल गो. मी दार लावलं. अबोला असताना बोलते म्हणजे काय!

बुधवार, २७ एप्रिल
आता लतिका दुपारभर माझ्यासमोर. किती बरं वाटतं. पोटात पोर असताना उंबऱ्यावर का बसू नये, भाकरी तिची एका बाजूला जाड का होते, तिच्या मामीचं नाक वर का, सगळं सांगितलं. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही तिने. एवढं मन लावून ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही.

जेवण कमी झालंय तिचं. उन्हाळा.

कालिंदी मुद्दाम दार उघडं टाकून शिवत बसते. लतिका तिकडे बघत होती. दारात जाड चादर टांगली. गरम होतं, पण वाऱ्याने धूळ येते ना.

शुक्रवार, २९ एप्रिल
पापडाची आमंत्रणं करून आले. शेवंती म्हणाली, एक मेला? अहो, त्या दिवशी महाराष्ट्र होतोय. म्हटलं, होऊ दे की, लाटता लाटता होईल. राधाबाईने विचारलं, पीठ कुटायला कालिंदी आहे ना? म्हटलं, तिचं नाव काढू नका, आणि तुमचे पापड तसेही घोंगडीसारखे होतात, शिकायला तरी या. म्हणाली, बघते. म्हणजे येणार.

ह्यांनी घरातली एकुलती एक शिडी कंदील लावायला नेली. पापडाबद्दल एक शब्द विचारला नाही.

रविवार, १ मे
पहाटेच पीठ भिजवलं. कुटायला वेळ लागतो, म्हणून पापडखार दुप्पट टाकला, पीठ लवकर मऊ होतं.

खाली ताशे, गुढ्या, पेढे. हे फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे. गॅलरीतून बघितलं तर शेवंती नऊवारी नेसून लेझीम बघायला निघालेली, मागून राधाबाई. वर बघून हात हलवला. पाच वर्षं मागतायत, आणि महाराष्ट्र मिळाला तो माझ्या पापडाच्या दिवशी!

लतिका आणि मीच लाटायला बसलो. तिला वाकवेना. पीठ दगड व्हायला लागलं. मग कालिंदी आली, पोळपाट-लाटणं घेऊन. एक अक्षर बोलली नाही. खाली बसली, लाटी घेतली, लाटायला लागली. अबोला असल्यामुळे मला तिला जा म्हणता येईना.

तिघी गप्प. तिचे पापड असे की पोळपाटाची नक्षी दिसावी. माझे जरा भक्कम. मध्येच लतिका हसली. कालिंदीही हसली. कोणी काही बोललंच नव्हतं, मग हसल्या कशाला? जाताना तिने लतिकाच्या पाठीवरून हात फिरवला. मी पोळपाट जोरात आपटलं.

संध्याकाळी एक पापड तळला. लालभडक आणि कडू. हे म्हणाले, कालिंदीने लाटलेला दे. तोही कडू. बरं वाटलं.

मंगळवार, ३ मे
मामा-मामी टॅक्सी घेऊन आले. रघुने निरोप पाठवला होता, मला न सांगता. आठवा लागला की नेता येत नाही, म्हणून आजच. लतिकाची पिशवी भरलेलीच होती.

मी म्हटलं, ती जाणार नाही, तिने स्वतःच सांगितलंय इथं राहणार म्हणून. मामी म्हणाली, तेव्हा सांगितलं होतं खरं. म्हणाली होती, समोर कालिंदीमावशी आहे, तिथं मला आईची आठवण काढावी लागत नाही. आता तुम्ही दोघी बोलत नाही म्हटल्यावर पोरीने काय करायचं?

लतिका पाया पडली. म्हणाली, येते आई. मी म्हटलं, गिरगावात वारा चांगला येतो, चौपाटी जवळ आहे, चार दिवस हवापालट होईल. टॅक्सी गेल्यावर कोणीतरी म्हणालं, अहो, बाळंतपण होऊनच यायची ती आता.

हे रात्री जेवताना म्हणाले, आम्ही भांडून मुंबई आणली. तू भांडून सून घालवलीस. फेटा डोक्यावर चढला की माणूस काहीही बोलतं.

शुक्रवार, ६ मे
दुपारी घरात कोणी नाही. चादर काढली. समोरचं दार बंद होतं. कालिंदी शिवत नाही, गुणगुणत नाही. तिचंही बरोबर आहे, कोणासाठी शिवणार.

संध्याकाळी ती गॅलरीत उभी होती. मी विचारलं, रविवारी गिरगावला जाणार आहेस काय गो? अबोला मी सोडला असं नाही, गॅलरीत विचारायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणाली, जाणार. लतिकाने बोलावलंय. बाळंतपणातही थांब म्हणालीय.

पहिली आंघोळही तीच घालणार असेल. ते मी विचारलं नाही. म्हटलं, मला पण ने.

मग म्हणाली, चल. पण तिथं गेल्यावर जरा कमी बोल हां, जाईबाई.

म्हटलं, मी? मी कुठं बोलते!