ह्यांचा गुलाब आणि बाटलीतले बॅक्टेरिया

३ मार्च
सोसायटीची नोटीस: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, वाळलेली झाडं टबासकट महिनाअखेर उचलणार. ह्यांचा कलमी गुलाब वाळलेला नाही, रुसलाय. हे गेल्यापासून मी तरी कुठे फुललेय? लायब्ररीतून पुस्तक आणलं. मुळांपाशी चांगले बॅक्टेरिया राहतात, मातीतलं अन्न झाडाच्या तोंडाशी आणून देतात. म्हणजे जन्मभर मी जे केलं तेच. संकल्प: पंधरवड्यात पालवी.

७ मार्च
जिवाणू खताची बाटली आणली. नीट उकळून, गार करून घातली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात नोकरी झाली माझी. न उकळलेलं मी कुणाला देत नाही. खालच्या मजल्यावरच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, जिन्यात म्हणाल्या, अहो वहिनी, जंतूच तर विकत घेतले होते ना तुम्ही? म्हटलं, नाजूक होते ते गेले, दणकट उरलेत.

८ मार्च
पुस्तक म्हणतं, उकळल्यावर कोणी उरत नाही. छपाईची चूक असावी. तरी दुसरी बाटली आणते.

१२ मार्च
दुसरी कच्चीच घातली. जिवावर आलं. मग टबाची कड फिनेलने पुसली. थोडं मातीत सांडलं. थोडंच. स्वच्छता कुणाला आवडत नाही?

२१ मार्च
पालवी आली. बुडापासून चांगली जोमदार फूट. अख्ख्या मजल्याला वर नेऊन दाखवली. शेजारणीच्या मिरचीलाही डोस द्यायचं कबूल केलंय. सल्ल्याची वेळ दहा ते अकरा. वन्सं लेकीकडे गेल्यात. परत आल्या की बघू काय म्हणतात.

३१ मार्च
सोसायटीचा माणूस आला, हिरवं बघून टब ठेवून गेला. जिंकले.
संध्याकाळी वन्सं वर आल्या. वाकून बघितलं, फुटीच्या बुडाशी बोट लावलं. मग हळूच म्हणाल्या, वहिनी, ही फूट कलमाच्या जोडाखालची आहे. जंगली, दादाच्या गुलाबाची नव्हे. अशी दिसली की दादा खुडून टाकायचा. म्हटलं, पुस्तकात असं काही नाही. पण हे खुडायचे खरे. मी वरच्या खोडाला नख लावलं. आत हिरवं हवं, तपकिरी निघालं. दुसरीकडे लावलं, तिथेही तेच. तिसरीकडे लावलं नाही.
वन्संनी विचारलं, खुडू का?
म्हटलं, नको. टब उचलतील.