नागोबाची गोळी

दिल्ली
२० जुलै १९८६

चि. तुळसास अ. उ. आ.

यादोराव लाखांदूरला येत आहेत, त्यांच्याबरोबर मायच्या नव्या गोळ्या पाठवल्या आहेत. जेवणाआधी, दिवसातून तीनदा. वास गंधकासारखा येतो, त्यावरून माय कुरकुर करील, ऐकू नकोस.

तू विचारलंस, मायचं बीपी एवढं काहून चढतं. आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ असतो. तो रक्तवाहिन्या आवळून धरतो. एरवी त्याची गरजच असते, पण मायच्या अंगात तो कारण नसताना आवळतो. धानाच्या बांधीचं तोंड अरुंद केलं की पाणी कसं जोर करतं, तसं ते. आमच्या प्रयोगशाळेत याच्यावरच काम चालू आहे. ही गोळी तो पदार्थ तयारच होऊ देत नाही. गंमत म्हणजे ती सुचली सापाच्या विषावरून. मायला सांगू नकोस, नाहीतर गोळी गिळायचं सोडून तिला दूध पाजत बसेल.

बाबांना नमस्कार. तब्येतीचं कळवत जा, एवढी माया दादावर असू दे.

तुझा,
तेजराम

लाखांदूर
२४ ऑगस्ट १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

गोळी मायला चांगली मानवली. दवाखान्यात बीपी मोजलं, डॉक्टर खूश झाले. डोकं दुखणं गेलं, धानाच्या रोवणीत दिवसभर उभी होती. सापाचं मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. आता ती प्रत्येक गोळीला हात जोडते आणि मग गिळते. नागपंचमीला तर हळदकुंकू लावून गिळली. पोराने नागोबालेच डबीत भरून पाठवलं म्हणते. बाबा हसून हसून बेजार झाले.

एक काळजी आहे. मायला कोरडा खोकला लागला आहे. कफ नाही, ताप नाही, पण थांबत नाही. शेजारच्या शकुनबाई त्यांच्या ओसरीवरून विचारत होत्या, छाती दाखवली का. टिकाराममामा क्षयाने गेले, हे गावात कोणी विसरलेलं नाही. त्यातच नाकाडोंगरीच्या केशवरावांकडून माझ्यासाठी विचारणा आली आहे. मुलगा खाणीच्या ऑफिसात आहे. हसू नकोस! मला तो पसंत आहे, हे फक्त तुला सांगते.

लहान बहिणीला अशीच समजून घे.

तुळसा

दिल्ली
२ सप्टेंबर १९८६

चि. तुळसास अ. उ. आ.

खाणीतल्या ऑफिसरीणबाई, अभिनंदन! मायला ताबडतोब भंडाऱ्याला नेऊन एक्स-रे काढा, थुंकीही तपासा. गोळी मात्र चुकवू नका. खोकल्याबद्दल मी आमच्या सरांना विचारतो. मामाचं नाव वाचून मलाही धस्स झालं.

मायला सांग, लवकर येतो. दादाची आठवण ठेव.

तेजराम

लाखांदूर
८ ऑक्टोबर १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

एक्स-रे साफ निघाला. थुंकीतही काही नाही. बाबांनी ते पाकीट शकुनबाईंना उघडून दाखवलं, तरी त्या म्हणाल्या, फोटूत सगळंच थोडी दिसते. त्या दिवशी माय जेवली नाही. माझ्या खोकल्यापायी पोरीचं अडन, एवढंच म्हणत राहिली.

पण आता चिंता नको. मायचा खोकला गेला! अडुळशाचा काढा लागू पडला म्हणते. कालपासून एकदासुद्धा खोकली नाही. केशवराव दसऱ्यानंतरच्या रविवारी मला पाहायला येणार आहेत. माय घर सारवून थकत नाही. गोळ्यांचं विचारलं तर म्हणते, घेऊन राहिली ना मी.

तू असतास तर किती बरं झालं असतं. मनात जागा असू दे.

तुळसा

दिल्ली
१६ ऑक्टोबर १९८६

चि. तुळसास अ. उ. आ.

हे पत्र मिळताच आधी मायच्या गोळ्या बघ. सरांनी परदेशातला एक लेख दाखवला. जे द्रव्य अँजिओटेन्सिन तयार करतं, तेच आणखी एका पदार्थाचा निचराही करतं. गोळीने ते अडलं की तो पदार्थ साचतो आणि कोरडा खोकला येतो. म्हणजे मायचा खोकला गोळीचा होता, क्षयाचा नव्हता. तो काढ्याने जायचा नाही. तो गेला, याचा अर्थ मला एकच दिसतो.

तिला रागावू नकोस. दुसरी गोळी देता येते. पण मधे खंड पडला तर बीपी पुन्हा उसळेल. तिला आजच दवाखान्यात ने आणि मला तार कर. मी वाट पाहतो.

तुझाच,
तेजराम

लाखांदूर
१० नोव्हेंबर १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचलास, वाचून बरं वाटलं. तू इथे असताना एक गोष्ट तुला सांगवली नाही. माझी तार मिळून तू आलास, त्याच दिवशी पोस्टमनने तुझं पत्र दिलं. तू बाबांबरोबर नदीवर अस्थी घेऊन गेला होतास. मी एकटीने वाचलं आणि लपवून ठेवलं.

मग गोळ्या शोधल्या. देवघरात पितळी नागोबाच्या मागे होत्या. एकही फेकलेली नाही. प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं. शकुनबाई रडत रडत सांगत होत्या, मायने त्यांना म्हटलं होतं की गोळी घेतली का खोकला येते, सोडली का जाते. पोरीचं जमलं का मंग घेईन, तवरोक नागोबा सांभाळन. दादा, तुमच्या सरांना लेखात सापडलं ते मायला आधीच कळलं होतं. तिने तुला विचारलं नाही. तू एवढ्या दुरून पाठवलेली गोळी वाईट, असं तिला म्हणवलं नसेल.

पाहुणे आले तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आनंदाने. दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी पडली आणि मंगळवारी गेली.

वर्षाच्या आत लग्न उरकावं असा केशवरावांचा निरोप आहे. बाबा हो म्हणाले. मी काय म्हणू? मला तो मुलगा अजून पसंत आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते. तो निरोप वाचून मी खूप रडले.

मला पाहायला आले त्या दिवशी उठताना केशवराव बाबांना म्हणाले होते की घर निरोगी आहे, कोणी खोकत नाही. माय दाराआडून हसली होती. आता बाबा ओसरीवर बसतात, मी चुलीपाशी. घरात खरंच कोणी खोकत नाही.

मायची उरलेली माया आता तूच दे.

तुझी,
तुळसा