पेवाचे तोंड एक दिवस उघडे ठेवावे

मी, फादर पास्काल, जन्मनाव शालिग्राम, आईचे नाव तुळसाबाई, वय वर्षे पन्नास, काम ख्रिस्ती धर्मगुरूचे, राहणार मौजे धनज, कारंज्याजवळ, हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, छाती नाही. डॉक्टर म्हणतात पावसाळा निघेल, हिवाळ्याचे सांगता येत नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. हे वाक्य अर्जनवीस फुलचंद प्रत्येक मृत्युपत्रात घालतात. माझ्या बाबतीत ते पहिल्यांदाच खरे होत आहे, म्हणून मी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले.

मी मठातला साधू नाही. गरिबीचे व्रत मी घेतलेले नाही, तेव्हा मिळकत ठेवण्याचा व देण्याचा मला हक्क आहे. व्रत घेतले ते लग्न न करण्याचे, आणि वचन दिले ते आज्ञापालनाचे. दीक्षेच्या दिवशी बिशपसाहेबांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि लॅटिनमध्ये विचारले, माझी आणि माझ्यानंतर येणाऱ्यांची आज्ञा पाळशील का. मी म्हणालो, पाळीन. त्याला चोवीस वर्षे झाली. व्रताचा मला फारसा जाच झाला नाही. वचनाचे काय झाले ते खालील कलमांत येईल.

१. शेलूबाजार येथील तीन एकर काळी जमीन मला मामा बबनराव यांच्याकडून आली. मी ख्रिस्ती झाल्यावर मामांनी मला कधी घरात घेतले नाही, ओसरीवर बसवून जेवू घातले. पण मरताना जमीन माझ्याच नावे केली. असे करा म्हणून त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ही जमीन मी रुख्मिणी हिला देतो. ती कै. जानराव मास्तर यांची मुलगी, सध्या अनसिंग येथे सासरी असते. आधी ही जमीन तिच्या आईच्या नावे लिहिली होती. ते नाव का खोडले ते कलम सहामध्ये आहे.

२. माझी लॅटिन पुस्तके, एक पेटी, ज्या गुरुकुलात मी शिकलो तिथे परत पाठवावी. मिशनच्या दारात आईने मला दुष्काळाच्या साली सोडले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गुरुकुलात नियम असा होता की घंटा झाली की हातातले अक्षरसुद्धा पुरे करायचे नाही. 'क' चा दांडा काढला असेल तर पोट राहू द्यायचे आणि उठायचे. मी इतका चांगला उठत असे की मुख्य गुरुजी इतरांना माझी वही दाखवत. एकदा त्यांनी वांग्याची रोपे मुळे वर करून लावायला सांगितली. कुठल्याशा संताच्या गोष्टीत तसे होते. माझ्याबरोबरचा एकजण हसला, त्याला घरी पाठवले. मी कुणब्याचा पोर. मी दोन वाफे लावले, वर पाणीही घातले. त्या दिवशी मला शाबासकी मिळाली, आणि ती मला फार गोड लागली हे मी लपवत नाही.

आई गेल्याची चिठ्ठी आली तेव्हा परीक्षा होती. जाऊ नकोस म्हणाले, गेलो नाही. त्याबद्दल मला आजही राग आहे. तो कोणाला देता येण्यासारखा नाही, म्हणून माझ्याबरोबर येईल.

३. माझी बैलजोडी व दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, हेमसिंग यांस द्यावी. हेमसिंग हे जवळच्या तांड्यावरचे, गाडीभाडे करणारे, धर्माने ख्रिस्ती नव्हेत. त्यांना हे बक्षीस का, ते स्पष्ट लिहितो. त्यांनी माझी आज्ञा मोडली, म्हणून.

धनजच्या ख्रिस्ती देवळामागे आमच्या वस्तीचे पेव होते. वीस-बावीस घरे, सुगीला जो तो आपल्या कुवतीने ज्वारी आणून त्यात टाकी, म्हणजे वाईट साली कोणाच्या दारात जावे लागू नये. वऱ्हाडात पेव काय असते हे पोरालाही कळते. जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, आत कडबा आणि भुसा, वरून दगड व माती. धान्य आत कोंदते आणि त्याची हवा विषारी होते. म्हणून पेव फोडले की तोंड एक दिवस उघडे ठेवतात. मग दोरीला पेटती चिमणी बांधून आत सोडतात. चिमणी विझली तर कोणी उतरत नाही. मला हे माझ्या मामांनी शिकवले होते, मी सात वर्षांचा असताना.

सन १९२१ च्या मे महिन्यात बिशपसाहेबांचे पत्र आले की डोंगरातल्या मिशनमध्ये लोक उपाशी आहेत, धनजची ज्वारी गुरुवारी कारंज्याच्या आगगाडीवर पोचवावी. मागणी वाईट नव्हती. वस्तीतल्या लोकांनी आनंदाने हो म्हटले. पण पत्र हाती पडले तेच गुरुवारी सकाळी. मी लगेच पेव फोडायला लावले आणि हेमसिंगची गाडी बोलावली.

जानराव आमचा धर्मशिक्षक. मुलांना प्रार्थना शिकवी, आजाऱ्यांकडे मला घेऊन जाई. वय अठ्ठावीस. सगळे त्याला मास्तर म्हणत. तो म्हणाला, "फादर, पेव आत्ताच फोडलं. आजचा दिस तोंड उघडं राहू द्या. उद्या चिमनी सोडून पाहू."

मी म्हणालो, "हुकूम आजचा आहे."

हेमसिंगला सांगितले, तू उतर. तो म्हणाला, "मी नाई उतरत. तुमी म्हना, नाई तं तुमचे साहेब म्हनो. गाडी हाकाले आलो मी, मराले नाई." आणि तो जुवावर जाऊन बसला.

मग मी जानरावकडे पाहिले. फक्त पाहिले असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. मी म्हणालो, "जानराव, तू तर शिकवतोस ना पोरांना, आज्ञा म्हणजे काय ते. उतर." त्याने क्रूसाची खूण केली, दोर कमरेला बांधला आणि उतरला. एकदा माझे नाव घेतल्यासारखा आवाज आला. दोर ओढायला हेमसिंगच धावला. आम्ही दोघांनी त्याला वर काढले तेव्हा तो गेलेला होता.

दुपारी ज्वारीच्या पंधरा पोत्यांची गाडी कारंज्याला गेली. तेवढी ज्वारी काढायला खाली उतरावे लागलेच नाही, वरूनच दोराला टोपल्या बांधून काढता आली. कारंज्याला ती दोन दिवस तशीच पडून होती, कारण मालगाडीचा डबा शनिवारी लागला.

४. माझ्या खोलीतली चिमणी, एक नग, काच शाबूत, वात जवळजवळ नवी, ही बिशपसाहेबांच्या बंगल्यावर पोचवावी. जुने बिशपसाहेब वारले. वचन त्यांच्यामागून येणाऱ्यांनाही होते, तेव्हा चिमणीही त्यांनाच. त्या गुरुवारी ती माझ्या खिडकीत, पेवापासून वीस पावलांवर होती.

इथे एक गोष्ट माझ्या विरुद्ध आहे, तीही लिहिली पाहिजे. बिशपसाहेबांच्या त्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती : काही अडचण असल्यास तार करावी. मी ती वाचली होती. तारघर कारंज्याला, घोड्यावर जाऊन येता आले असते. मी विचारले नाही, कारण विचारणारा मी नव्हतो. घंटेबरोबर उठणारा मी. त्यांनी मागितली त्याहून जास्त आज्ञा मी पाळली आणि जास्तीची किंमत जानरावकडून वसूल केली. म्हणून नव्या बिशपसाहेबांनी चिमणी घेताना एवढाच राग मानावा जेवढा त्यांच्या गादीच्या वाट्याचा आहे. तो वाटा पुढच्या कलमात आहे.

५. दफनाची नोंदवही देवळाची आहे, माझी नाही, ती मला कोणाला देता येत नाही. पण तिच्यातली एक नोंद माझ्या हातची आहे आणि खोटी आहे. जानरावला पुरल्यावर मी बिशपसाहेबांना सगळे खरे कळवले. उत्तर आले की मिशनची बदनामी होता कामा नये, सबब नोंद अशी करावी : फादर हजर नसताना, न विचारता, स्वतःच्या मर्जीने पेवात उतरला. आणि या विषयावर वचनाला स्मरून कायम मौन पाळावे. पुढे माझ्या समाधानासाठी लिहिले होते की आज्ञा पाळणाऱ्यावर दोष येत नाही, तो आज्ञा करणारा आपल्या शिरी घेतो.

मी नोंद तशीच केली. पोलीस पाटील मारोतराव मागाहून पंचनाम्याला आले, त्यांना तसेच सांगितले. ते म्हणाले, "फादर सांगून राह्यले म्हनजे खरंच असन," आणि लिहून घेतले. हेमसिंग वेगळे सांगत होता, त्याचे कोणी ऐकले नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात माझा शब्द मोडला नाही, तो कागदोपत्री आगाऊ ठरला. वस्तीत पोरे ऐकेनाशी झाली की आया म्हणत, मास्तरासारखं करू नोको. मी ते ऐकत असे आणि मौन पाळत असे.

दोष शिरी घेणारे ते बिशपसाहेब गेले. त्यांनी माझा दोष बरोबर नेला असेल तर मला तो कमी झालेला दिसला पाहिजे होता. तसा दिसला नाही. आज मी नोंदवहीत त्या नोंदीखाली माझ्या हाताने खरी नोंद केली आहे आणि सही केली आहे. वही कोणी नेली, पान फाडले, तरी हा कागद तालुक्याच्या रजिस्ट्रार कचेरीत राहील.

६. जानरावची बायको सुंदरबाई. गेली सतरा वर्षे ती दर रविवारी पहिल्या रांगेत बसते आणि माझ्या हातून प्रसाद घेते. मंगळवारी मी तिला फुलचंदांसमोर बोलावले आणि सांगितले की जमीन तुझ्या नावे करतो आहे, आणि कारण सांगितले. मला वाटले ती रडेल किंवा मला शिव्या देईल. ती म्हणाली, "मले ठाव हाये. हेमसिंगनं त्याच हप्त्यात सांगतलं होतं मले."

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलली का नाहीस.

"म्या बोलून काय होते? वहीत तुमी लिवलं. तुमी बोलान म्हून वाट पाह्यली. दर अयतवारी तुमच्या हाताखाली तोंड उघडलं, आन दर अयतवारी तुमी बोलले नाई."

मी म्हणालो, आता लिहिले आहे, मी गेल्यावर हा कागद देवळात वाचतील. ती म्हणाली, "मेल्यावर काहून? मेल्यावर तुमाले कोन काय म्हनन? जित्तेपनी वाचा." मग फुलचंदांना विचारले की कागदावर साक्ष कोणाची. फुलचंद म्हणाले, कोणाचीही चालेल, पण साक्षीदाराला मिळकत मिळत नाही, कायदा आहे. ती म्हणाली, "मंग माह्यं नाव खोडा. मी साक्षीदार होतो. पन फादर देवळात उभे राहून वाचतीन तवाच अंगठा देईन."

गेल्या चोवीस वर्षांत मला बरेच हुकूम मिळाले. हा पाळायला सर्वांत जड गेला. बिशपसाहेबांना मी कळवले. शुक्रवारी उत्तर आले की वाचू नये, ताबडतोब निघून यावे. पहिल्यांदाच मी निघालो नाही. पुढे मला मिस्सा करण्याची मनाई होईल हे मी जाणतो.

७. मला धनजलाच पुरावे, जमल्यास जानरावच्या पायथ्याशी. माझे हात छातीवर जोडून बांधतात तसे बांधू नयेत. दोन्ही बाजूंना मोकळे ठेवावेत. पेव बुजवले आहे, तिथे एक दगड बसवावा आणि त्यावर माझे नाव न घालता एवढेच कोरावे : पेवाचे तोंड एक दिवस उघडे ठेवावे.

वरील सर्व मजकूर मी आज मिस्सा झाल्यावर, देवळात उभा राहून, वस्तीतील सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. हेमसिंग दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर सुंदरबाई म्हणाली, "मास्तरनं एक दिस मांगतला होता, ते पुन्ना वाचा." मी पुन्हा वाचले. मग सही केली.

मुक्काम धनज, रविवार, ता. १८ सप्टेंबर १९३८.

सही : फादर पास्काल, जन्मनाव शालिग्राम

लिहिणार : फुलचंद, अर्जनवीस

साक्षीदार १ : मारोतराव, माजी पोलीस पाटील, मौजे धनज. सन १९२१ चा पंचनामा मी फादरच्या शब्दावर लिहिला. तो चुकीचा आहे. सही.

साक्षीदार २ : सुंदरबाई, जानराव मास्तर यांची बायको. अंगठ्याच्या वर तिने सांगितले तसे लिहिले आहे : माहा नवरा इचारून उतरला.

अंगठा.