दारापुढच्या कळश्या

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

मुंबईतली खोली सोडायची की नाही, हे आज रेखाला कळवायचं होतं. बायको किती दिवस तिकडं एकटी राहणार? इथं भाडं परवडतं, कामाला चालत जाता येतं. अडत होतं ते पाण्यापाशी. नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि नेमका मी कामावर असलो तर?

आज तसंच झालं. घरी आलो तर नळ येऊन गेलेला. दाराला माझं कुलूप, पण दारापुढं भरलेल्या कळश्या, त्यांवर धुतलेला टॉवेल. शेजारच्या अक्का रागावल्या. "रिकामी भांडी आत कोंडून जाताव व्हय? बाहेर ठेवून जावा की. गल्लीत कोणीबी भरतंय."

"चोरीला गेली तर?" मी विचारलं. त्या लई हसल्या.

कळश्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. पुन्हा लिहितो, स्वतःच्या.

रेखाला फोनवर सगळं सांगितलं, पाण्याचंही. लपवणं बरं नव्हे. ती म्हणाली, "मालकाला उद्याच सांगते, खोली सोडतोय म्हणून. आणि भांडी बाहेर मी ठेवीन. तुम्ही ती ओळीत लावत बसाल, तोवर नळ जायचा."